लोणच्याच्या डब्यातला कार्ब्युरेटर

माझ्या पलंगाखाली दोन वर्षं एक स्टीलचा डबा होता. पूर्वी त्यात लोणचं असायचं. आता आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर होता, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. सुनेला वाटायचं, म्हातारीने दागिने लपवलेत. तिने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पलंग शहरात, कुकटपल्लीला, सातव्या मजल्यावर. मुलाचं घर चांगलं आहे. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावली आहे, तिच्यातून माझा हातसुद्धा बाहेर जात नाही. दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे. आकडे मला पाठ आहेत, चौथीपर्यंत शिकलेय. पण दार उघडलं की मुलाच्या फोनवर कळतं. एकदा मी नुसती कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेले, तर आत येईपर्यंत त्याचा फोन.

"आई, कुठे निघालीस?"

"कचरा टाकायला. येतोस का सोबतीला?"

तो काळजीने करतो हे मला कळतं. कळलं म्हणून दार काही मोठं होत नाही.

शहराबाहेर दीड तासावर आमची पेरूची बाग आहे. चार लांब ओळी, दोन खोल्या आणि पत्र्याची शेड. शेडमध्ये सासऱ्यांनी घेतलेला ट्रॅक्टर, पेट्रोलवर चालणारा. पूर्वी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचो, आता रॉकेल मिळत नाही. त्याला बॅटरीवर सुरू होणं माहीत नाही. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागतं. नवरा गेल्यावर मी तिथे एकटी सहा वर्षं राहिले. झाडांमध्ये गवत वाढलं की ट्रॅक्टर काढायचा, मागे फाळांचा कल्टिव्हेटर जोडून ओळींमधून फिरवायचा. भाड्याचे मोठे ट्रॅक्टर आमच्या झाडांत शिरत नाहीत, फांद्या मोडतात.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो तिसऱ्यांदा बंद पडला. मी दमले होते, चिडले होते, आणि हँडल धरताना अंगठा गुंडाळून धरला. तसा धरायचा नसतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं. माझ्या हातून सुटलं नाही. मनगट मोडलं. फोन खोलीत होता आणि मला घेरी आली होती, म्हणून मी शेडच्या सावलीत बसून राहिले. संध्याकाळी मुलाने फोन केला, मी उचलला नाही, तेव्हा तो आला. त्याने मला त्या अवस्थेत पाहिलं. तिथून मी सातव्या मजल्यावर.

प्लास्टर निघाल्यावर कपडे आणायला म्हणून बागेत गेलो, तेव्हा मी दोन नट सोडले आणि कार्ब्युरेटर काढून आणला. आख्खा ट्रॅक्टर नेता येत नाही. पण हे काढलं की तो दुसऱ्या कुणालाही चालवत नेता येत नाही.

या वर्षी जेवताना मुलगा म्हणाला की बाग एका नर्सरीवाल्याला करायला देतोय. त्याला शेड रिकामी हवी आहे. ट्रॅक्टर भंगारात जाईल.

"तो भंगार नाही," मी म्हटलं.

"आई, दोन वर्षं झाली. मेलाय तो."

"मी सुरू करते."

तो हसला. सुनेने ताटातून मान वर केली. ती पुण्याची आहे, कॉम्प्युटरचं काम करते, निम्मे दिवस घरूनच. तिला भांडण आवडत नाही.

"बरं," मुलगा म्हणाला. "सुरू झाला आणि चारही ओळी न थांबता करून आला, तर नर्सरीवाल्याला नाही सांगतो. तू राहा तिथे."

"पुन्हा बोल."

"काय पुन्हा?"

"हिच्यासमोर पुन्हा बोल."

तो पुन्हा बोलला. त्याला वाटलं यात काही धोका नाही. मी जेवण संपवलं, हात धुतले आणि पलंगाखालून डबा काढला. सुनेने आत डोकावून पाहिलं.

"अय्या, हे आहे होय," ती म्हणाली. तिचा चेहरा थोडा पडला.

कार्ब्युरेटर मला नवऱ्याने शिकवला. प्रेमाने वगैरे नाही. त्याला जवळचं दिसेनासं झालं, आणि बारीक स्क्रू त्याच्या जाड बोटांतून मातीत पडायचे. मग तो ओट्यावर बसून सांगायचा आणि मी करायची. चुकलं की ओरडायचा. मी म्हणायची, ओरडायचं असेल तर स्वतः खोला. मग तो गप्प बसायचा.

त्याचं काम एवढंच की पेट्रोल आणि हवा मापात मिसळून इंजिनाला द्यायची. खाली एक वाटी असते, तिच्यात टाकीतून पेट्रोल येतं. वाटीत पितळेचा पोकळ तरंगा. संडासच्या फ्लशच्या टाकीत गोळा असतो ना, तसाच. वाटी भरली की तरंगा वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. वाटीतलं खर्च झालं की तरंगा खाली, सुई खाली, पुन्हा पेट्रोल सुरू. वाटीतून ते जेटमध्ये जातं. जेट म्हणजे पितळेचा स्क्रू, त्याला मधून आरपार बारीक भोक. चमकी घालायला नाक टोचतात, त्याहून बारीक. इंजिन वरून हवा ओढतं, ती हवा जाता जाता या भोकातून पेट्रोल खेचून घेते. बस. यात समजायला अवघड काही नाही. अवघड एवढंच की कुठलंही एक भोक बुजलं, तर सगळं बंद.

दोन वर्षांत आतलं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मी वाटी खोलली. तरंगा कानाशी धरून हलवला. आत पाणी हलल्यासारखा आवाज आला असता तर तो चिरला, असं समजायचं. आवाज नव्हता. तरी गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडे आले नाहीत. सुईचं टोक नखावर फिरवून पाहिलं, खाच नव्हती. जेट मात्र पार बुजलेला. उजेडाकडे धरला तर काळोख.

सगळं पेट्रोलमध्ये भिजत घालणार होते. सुनेने हात जोडले.

"आई, सातवा मजला आहे. सोसायटीवाले पोलीस बोलावतील."

तिचं बरोबर होतं. मी वॉचमनकडून पाण्याच्या बाटलीत लपवून मागवलेलं पेट्रोल तिने माझ्यादेखत त्याच्याच स्कूटरमध्ये ओतून दिलं. मग मी विचार केला, जेट पितळेचा, तरंग्याची कडी पितळेची. पितळेला आपण काय लावतो? वाटीभर चिंच कोमट पाण्यात कोळली आणि जेट त्यात टाकला. नुसता जेट. कार्ब्युरेटरच्या अंगाला चिंच लावायची नाही, ते दुसऱ्या धातूचं, खराब होतं. ते मी साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या ब्रशने घासलं. कुणाचा ब्रश ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सून आमटी करत होती आणि ओट्यावरची चिंचेची वाटी उचलून पातेल्यावर तिरकी करत होती. मी म्हटलं, "थांब, त्यात माझा जेट आहे."

ती एका मीटिंगमध्ये होती, कानात ते फोनचं बोंड घातलेलं. तिने वाटी ठेवली, आत बोट घालून जेट काढला आणि खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "आरपार दिसतंय." मीटिंगमधल्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली, किंवा निदान विरुद्ध राहिली नाही.

आत उरलेला कण केरसुणीच्या काडीने काढला आणि तोंडाने फुंकलं. तार कधी घालायची नाही. तारेने भोक रुंद होतं, मग इंजिन पेट्रोल ढोसतं आणि काळा धूर ओकतं.

एक गोष्ट राहिली. वाटीच्या कडेचं पॅकिंग उघडताना फाटलं होतं. ते कुकटपल्लीत कुणाकडे मिळेना. सुनेने मुलाला सांगितलं की आईंना जुन्या शहरात, कोठीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. खोटं नव्हतं, आधी डॉक्टरकडेच गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, मला सगळं धुरकट दिसायला लागलं, आणि तशीच मी मागच्या गल्लीतल्या जुन्या पार्टच्या दुकानात शिरले. कार्ब्युरेटर काउंटरवर ठेवला. दुकानदाराची दाढी तेवढी मला दिसली.

"ये किसका है अम्मा?"

"ट्रॅक्टर का."

"ट्रॅक्टर में कार्ब्युरेटर कायकू रहता? डीझल पे चलते ट्रॅक्टर."

"ये तेरे से पुराना है. पेट्रोल का है."

"कौन खोला इसकू?"

"मैं खोली."

त्याने कार्ब्युरेटर उलटा करून पाहिला. मग त्याने पॅकिंगचा कागद काढला, वाटीवर ठेवला आणि लहान हातोडीने कडेकडेने ठोकत गेला. कडेवरून कागद आपोआप कापला जातो. नवराही असाच करायचा. कापून झाल्यावर मी बोटाने चाचपून पाहिलं, भोकं जागेवर होती.

"जेट में तार नक्को डालो अम्मा," तो म्हणाला.

"मेरे को मत सिखा."

"हौ, नै सिखाता," तो म्हणाला आणि सुनेला म्हणाला, "सास को संभाल के ले जाओ, इनों दुकान खोल लेंगे तो मेरा धंधा जाता."

परत येताना गाडीत सून म्हणाली, "आई, खरंच राहाल तुम्ही तिकडे एकट्या?"

"राहत होतेच की."

"आणि परत पडलात तर?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतल्या थेंबांमुळे बाहेरच्या सगळ्या गाड्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बागेत गेलो. कुलूप उघडलं, शेडमध्ये मुंग्यांनी चाकाशी वारूळ धरलं होतं. मी टाकी रिकामी केली, पाइप धुतला, गाळणी धुतली, कार्ब्युरेटर बसवला, दोन नट आवळले. सुनेने नवं पेट्रोल ओतलं, टाकी काठोकाठ भरली. मी झाकण घट्ट लावलं. नळ उघडल्यावर वाटी भरल्याचा आवाज ऐकला. कुठे गळत नव्हतं.

हँडल मुलाने हातात घेतलं. "तू हात लावायचा नाहीस."

"अंगठा बाहेर," मी म्हटलं.

"माहितेय."

"माहीत असतं तर आत धरला नसतास."

त्याने अंगठा काढला. चोक ओढून चार वेळा फिरवलं. पाचव्या वेळी ट्रॅक्टर खोकला आणि सुरू झाला. पत्रे हलायला लागले. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. तो खूश झाला होता, आणि मग खूश झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

मी सीटवर चढले. पहिली ओळ गेली. दुसरी अर्धी झाली आणि इंजिन दम लागल्यासारखं करत बंद पडलं.

मी उतरून वाटी उघडली. वाटीत थेंबभर पेट्रोल. टाकी भरलेली, वाटी कोरडी. म्हणजे सुई अडकली असणार. पुन्हा सगळं खोललं, पुसलं, बसवलं. मुलाने हँडल मारलं, सुरू झाला. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण शब्द ‘न थांबता’ असा होता. दुसऱ्या ओळीत, त्याच पेरूच्या झाडाशी, पुन्हा बंद.

"बस झालं आई," मुलगा म्हणाला. त्याचा शर्ट ओला झाला होता. "केलास ना प्रयत्न."

"एकदा अजून."

"काय फरक पडणारे? बाबापण आयुष्यभर हेच करत होते. खोला, बसवा, खोला, बसवा."

हे मात्र खरं होतं. ट्रॅक्टर काही वर्षं असाच अर्ध्यात दम टाकायचा. नवरा म्हणायचा, तू नीट साफ केलं नाहीस. मी म्हणायची, तुम्ही नीट सांगितलं नाहीत. कार्ब्युरेटर खोलला की चालायचा, म्हणून दोष त्याचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. यावरून किती जेवणं न बोलता झाली, त्याची मोजदाद नाही.

मी ट्रॅक्टरला टेकून उभी राहिले. जेट पाहिला होता, सुई पाहिली होती, गाळणी, पाइप, नळ. वाटीपासून मागे मागे जात मी टाकीपर्यंत आले. पेट्रोल किती उरलं ते बघायला झाकण फिरवलं आणि टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. बंद डब्याचं झाकण उघडल्यावर होतं तसं. त्याच वेळी खाली वाटीत पेट्रोल पडल्याचा आवाज आला.

मी झाकण हातात घेऊन उलटंसुलटं केलं. टाकीतून पेट्रोल खाली जायचं, तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला मध्यावर एक बारीक भोक असतं. आमच्या झाकणाला नव्हतं. तिथे हळदीकुंकवाचा जाड थर होता, तेलाने आणि धुळीने दगड झालेला.

दर दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन मी त्याची पूजा करत आले. हळदकुंकू लावायचं कुठे? झाकण गोल, वर, समोर. कपाळासारखं. बोट दाबून मधोमध लावायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी. मी कधी पुसलं नाही, पुसायचं नसतं म्हणून.

केसातली पिन काढून मी तो थर टोकरला. नखभर जाडीचा निघाला. खाली भोक होतं. इथे रुंद झालं तर बिघडणार नव्हतं.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"मी बुजवलं होतं."

"काय?"

"भोक. दर दसऱ्याला. तुझा बाप उगाच माझ्याशी भांडत होता आणि मी त्याच्याशी."

सून हसायला लागली आणि मग थांबली. मला पुढचंही कळलं होतं. त्या दुपारी ट्रॅक्टर तीनदा बंद पडला तो यानेच. मनगट मोडलं ते यानेच. सातवा मजला, जाळी, दार, सगळं या नखभर कुंकवामुळे. वाईट वाटण्यापेक्षा मला राग आला, आणि राग धरायला दुसरं कुणी नव्हतं.

झाकण लावलं. मुलाने हँडल मारलं. मी चारही ओळी केल्या. त्या झाडाशी आले तेव्हा हात घट्ट धरले, पण इंजिनाने सूर बदलला नाही. माती उलटत गेली, गवत मुळासकट वर आलं. उजवं मनगट दुखत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. चौथी ओळ संपल्यावर पाचवी असती तर तीही केली असती. मी शेडपाशी येऊन ट्रॅक्टर बंद केला.

"झाल्या चार," मी म्हटलं.

मुलगा खाली बघत उभा होता. "हो."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. सुरू होईल असं वाटलं नव्हतं मला."

निदान खोटं बोलला नाही.

"नर्सरीवाल्याला नाही सांगतो," तो म्हणाला. "ते नक्की. पण आई, सोमवारी हँडल कोण मारणार?"

मी हात पदराला पुसले.

"मार बघू एकदा. आत्ता. माझ्यासमोर."

मी हँडल घातलं, अंगठा बाहेर ठेवला आणि ओढलं. इंजिन गरम होतं, तरी अर्ध्या फेरीपर्यंतच आलं. मनगट वळलंच नाही. पुन्हा ओढलं. सून म्हणाली, "पुरे करा ना आता," ते मला म्हणाली का त्याला, कळलं नाही.

मुलाने हँडल माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही, हळूच. ते गाडीच्या डिकीत ठेवलं.

"शनिवार-रविवार येऊ आपण. मी मारीन. तू चालव."

"आणि सोमवार ते शुक्रवार?"

"घरी."

मी शेडमध्ये गेले, पाना घेतला, नळ बंद केला आणि दोन नट सोडले. तो दारात येऊन उभा राहिला.

"हे कशाला काढतेस? आता चालतोय ना?"

"तुझ्याकडे ते. माझ्याकडे हे."

तो दारातून बाजूला झाला. दीड तासाच्या रस्त्यात गाडीत पेट्रोलचा वास होता आणि कुणीही काच खाली केली नाही.

आता डबा पलंगाखाली नसतो, स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असतो. सुनेने जागा करून दिली. गेल्या शनिवारी मुलाला ऑफिसचं काम निघालं. गाडी त्याच्याबरोबर, हँडल गाडीबरोबर. त्याच्या आदल्या शनिवारी गेलो होतो, दोन ओळी झाल्या. गवत परत वाढलं असेल.

आज बुधवार आहे. जेट स्वच्छ आहे, उजेडाकडे धरला की पलीकडची कबुतरं दिसतात. तरी काल मी तो पुन्हा चिंचेत घातला. सुनेने वाटी बघितली, बाजूला सरकवली आणि आमटीला आमसूल टाकलं.